शिडी, चाळणी आणि फड

१

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात पुरुषांची एक चॅलेंजर स्पर्धा झाली. मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशरो ती जिंकला. माझ्या घरापासून बालेवाडी अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. तिकिटाची अडचण नव्हती, वेळेचीही नव्हती. तरी मी गेलो नाही. नंतर पेपराच्या आतल्या पानावर निकाल वाचला आणि पान उलटले.

वीस महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, हाच व्हाशरो शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकला. जागतिक क्रमवारीत तो तेव्हा २०४ व्या स्थानावर होता. पात्रता फेरीतसुद्धा त्याला आधी जागा नव्हती. इतरांनी नावे मागे घेतल्यावर ती मिळाली. उपांत्य फेरीत त्याने जोकोविचला हरवले आणि अंतिम फेरीत नात्याने भाऊ लागणाऱ्या आर्थर रिंडरनेशला. इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने मास्टर्स दर्जाची स्पर्धा त्याआधी कधी जिंकली नव्हती. बक्षिसाची रक्कम सव्वाअकरा लाख डॉलरांच्या घरात होती. त्याच्या तोवरच्या साऱ्या कारकिर्दीतल्या कमाईच्या जवळजवळ दुप्पट.

शांघायनंतर मी पुण्यातल्या त्या आठवड्याचे निकाल शोधून काढून वाचले, आणि जरा ओशाळलो. २०१८ साली याच संकुलात एटीपी २५० दर्जाची महाराष्ट्र ओपन सुरू झाली तेव्हा मारिन चिलिचला पाहायला मी उत्साहाने गेलो होतो. नावाजलेला माणूस आला की जायचे आणि अजून नाव न झालेला आला की पेपर उलटायचा, ही माझी टेनिसभक्ती. माझ्यासारखेच बहुतेक प्रेक्षक, बहुतेक प्रायोजक आणि टेनिसवर लिहिणारे बहुतेक लेखक वागत आले आहेत, असे पुढे वाचताना लक्षात येत गेले.

हा लेख व्हाशरोविषयी नाही. तो सुटला. प्रश्न आहे तो ज्या पातळीतून सुटला तिचा : चॅलेंजर, तिच्याखाली आयटीएफच्या एम-२५ आणि एम-१५ नावाच्या स्पर्धा, महिलांसाठी डब्ल्यू-१५ पासून वर चढत जाणाऱ्या स्पर्धा. जगभर दर आठवड्याला त्या कुठे ना कुठे चालू असतात. या पातळीचा ‘विकास’ करायला हवा असे सगळेच म्हणतात. विकास कशाचा आणि कोणासाठी, हे मात्र आपण त्या पातळीकडे कोणत्या रूपकातून पाहतो यावर ठरते. मी प्रशिक्षक नाही, संघटकही नाही, वाचक आहे. म्हणून आधी पुस्तकांकडे जातो, मग अहवालांकडे, आणि शेवटी आपल्या मैदानांकडे.

२

टेनिसवरच्या आत्मचरित्रांत आंद्रे अगासीचे ‘ओपन’ (२००९) सर्वांत गाजलेले. त्यातला एक भाग आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. १९९७ मध्ये अगासी घसरत घसरत क्रमवारीत १४१ वर गेला आणि त्या वर्षाअखेर लास व्हेगास आणि बरबँक इथल्या चॅलेंजर स्पर्धांत उतरला. विम्बल्डनविजेता माणूस आपल्याच गावात अशा स्पर्धेत खेळतो आहे, ही नामुष्की पुस्तकात नीट उतरली आहे. तिथून तो सावरतो, १९९९ मध्ये फ्रेंच ओपन जिंकतो, पुन्हा पहिल्या क्रमांकावर जातो. कथेच्या बांधणीत चॅलेंजरचे स्थान स्पष्ट आहे : तो वनवास आहे. नायकाने तिथे जायचे, शुद्ध व्हायचे आणि राज्यात परतायचे.

पण लास व्हेगासच्या त्या स्पर्धेत अगासी जिंकला नव्हता. अंतिम सामन्यात ख्रिस्तियान विंक नावाच्या जर्मन खेळाडूने त्याला हरवले. अगासीसाठी जो वनवास होता ते विंकचे राहते घर होते. त्या आठवड्यात त्या घरात एक राजपुत्र आला आणि घरमालकाकडून हरला. आत्मचरित्र अगासीचे आहे, तेव्हा गोष्ट अगासीचीच असणार. त्यात लेखकाचा दोष नाही. पण टेनिसच्या साऱ्या साहित्याने तळाच्या पातळीकडे असेच पाहिले तर वाचकाच्या मनात एक समजूत घट्ट होते : ती जागा येण्याजाण्याची आहे, राहण्याची नाही. तिथे जो राहिला तो अपयशी.

डेव्हिड फॉस्टर वॉलेसने १९९६ साली ‘एस्क्वायर’मध्ये लिहिलेला मायकेल जॉइसवरचा दीर्घ निबंध ही समजूत हलवणारा पहिला महत्त्वाचा मजकूर, असे मी मानतो. जॉइस तेव्हा जगात ७९ वा होता आणि मॉन्ट्रियलच्या स्पर्धेची पात्रता फेरी खेळत होता. स्वतः कुमारवयात बऱ्यापैकी टेनिस खेळलेल्या वॉलेसला तिथे कळते की, जगात एकोणऐंशीवा असणे म्हणजे काय असते आणि त्यासाठी माणसाने आयुष्यातले काय काय बाजूला ठेवलेले असते. निबंधाचे बळ त्या विस्मयात आहे. मर्यादाही तिथेच आहे. वॉलेसला जॉइसमध्ये एक प्रकारचा तपस्वी दिसतो. तपस्वी दिसला की त्याच्या जेवणाखाण्याचा हिशेब विचारणे अप्रशस्त वाटू लागते. जॉइसचे कौशल्य, त्याचे शरीर, त्याची एकाग्रता यांवर वॉलेस पानेच्या पाने देतो. ही तपश्चर्या कोणाच्या पैशावर चालते, हा प्रश्न त्या निबंधाचा गाभा होत नाही.

तो प्रश्न गाभ्याशी आणला आयर्लंडच्या कॉनर नायलंडने. त्याचे ‘द रॅकेट’ २०२४ मध्ये आले आणि त्या वर्षीचा विल्यम हिल क्रीडाग्रंथ पुरस्कार त्याला मिळाला. नायलंडचा सर्वोच्च क्रमांक १२९. २०११ मध्ये तो विम्बल्डनच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि पहिल्याच फेरीत आद्रियाँ मानारिनोविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ४-१ अशी आघाडी घेऊन हरला. जिंकला असता तर पुढचा सामना फेडररशी होता. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये जोकोविचसमोर उतरला आणि अन्नातून विषबाधा झाल्यामुळे सामना अर्धवट सोडावा लागला. पण हे दोन प्रसंग म्हणजे पुस्तक नव्हे. पुस्तक आहे ते त्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शेकडो आठवड्यांचे : एकट्याने केलेले प्रवास, सरावाला जोडीदार मिळवण्याची धडपड, आज कोणाशी बोलावे आणि कोण आपल्याशी बोलणार नाही याची क्रमवारीने आखलेली उतरंड. नायलंड रडत नाही आणि संतही होत नाही. तो घरमालकाच्या बाजूने लिहितो. विंकची गोष्ट विंकच्याच पातळीवरच्या माणसाने सांगितली, हे या पुस्तकाचे मोठेपण आहे.

तरीही एक तक्रार उरते. नायलंडचा सूर शेवटी व्यक्तिगत समेटाकडे झुकतो. आपण का थांबलो, काय मिळवले, काय हुकले. आपल्या जागी उद्या येणाऱ्या मुलाला वेगळे काय मिळायला हवे, या प्रश्नासाठी वाचकाला पुस्तक मिटून दुसरीकडे, अहवालांकडे, जावे लागते.

३

अहवालांची भाषा शिडीची असते. खाली एम-१५, मग एम-२५, मग चॅलेंजर, मग एटीपी टूर, वर ग्रँड स्लॅम. आकृती काढली की व्यवस्था न्याय्य दिसते : चढा आणि वर या. या शिडीवर खरोखर काय चालते ते आयटीएफनेच २०१३ च्या हंगामाचा अभ्यास करून मांडले होते. त्या वर्षी व्यावसायिक पातळीवर ८,८७४ पुरुष आणि ४,८६२ महिला खेळल्या. त्यांपैकी ३,८९६ पुरुष आणि २,२१२ महिला यांना वर्षभरात बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. विमानभाडे, राहणे, जेवण, रॅकेटचे गटिंग, कपडे धुणे असा खर्च सरासरी ३८,८०० डॉलर पुरुषांसाठी आणि ४०,१८० डॉलर महिलांसाठी. यात प्रशिक्षकाचा खर्च धरलेला नाही. बक्षिसातून एवढा खर्च भरून निघायचा तर पुरुषाने क्रमवारीत ३३६ च्या आणि महिलेने २५३ च्या आसपास असायला हवे. पुरुषांच्या एकूण बक्षिसांपैकी ६० टक्के रक्कम वरच्या एक टक्क्याकडे, म्हणजे पन्नास जणांकडे, गेली.

आता एक साधा हिशेब करू. एम-१५ स्पर्धेत एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर मिळत आले आहेत, सुमारे तेरा हजार रुपये. विजेत्याला २,१६०. दुसरीकडे, २०२३ च्या अमेरिकन ओपनमध्ये पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला २२,००० डॉलर मिळाले. म्हणजे दहा आठवडे दहा देशांत फिरून दहाही स्पर्धा जिंकणारा खेळाडू न्यूयॉर्कमध्ये एक सामना हरणाऱ्यापेक्षा चारशे डॉलरांनी मागेच राहतो. शिडीच्या पायऱ्या समान अंतरावर असतात. इथे पहिल्या दोन पायऱ्या जमिनीत रुतलेल्या आहेत आणि तिसरी माडीच्या उंचीवर आहे.

पण माझ्या मते त्या अभ्यासातला सर्वांत बोलका आकडा पैशाचा नाही, काळाचा आहे. पहिला क्रमवारी गुण मिळाल्यापासून पहिल्या शंभरांत पोचायला पुरुषाला २००० साली सरासरी ३.७ वर्षे लागत; २०१३ मध्ये ४.८. महिलांच्या बाबतीत ३.४ वरून ४.१. कारणे अनेक आहेत. शरीरशास्त्र सुधारले, वरचे खेळाडू तिशीपलीकडे टिकू लागले, खेळ अधिक ताकदीचा झाला. परिणाम एकच : वाट एक वर्षाने लांबली. आणि प्रत्येक वर्षाची किंमत वर दिलीच आहे, प्रशिक्षकाविना किमान ३८-४० हजार डॉलर. म्हणजे कोण वर जाणार हे ठरताना कोण चांगला खेळतो याच्या बरोबरीने कोणाचे घर आणखी एक वर्ष थांबू शकते, हे मोजले जाऊ लागले. म्हणून मला शिडीपेक्षा चाळणी हा शब्द बरोबर वाटतो. ही चाळणी खेळाची जितकी आहे तितकीच थांबण्याच्या ऐपतीची आहे.

व्यवस्थेने हे ओळखले नाही असे नव्हे. तिने दोन उपाय केले आणि दोन्ही वाचण्यासारखे आहेत. पहिला २०१९ चा. आयटीएफचे म्हणणे असे की व्यावसायिक म्हणवणाऱ्यांची संख्या फार झाली आहे. खरे व्यावसायिक साडेसातशे पुरुष आणि साडेसातशे महिला एवढेच असावेत. त्यासाठी १५ हजार डॉलरांच्या स्पर्धांतून एटीपी आणि डब्ल्यूटीएचे गुण काढून टाकले, त्यांना वेगळी क्रमवारी दिली, पात्रता फेऱ्यांतल्या जागा कमी केल्या. थोडक्यात, चाळणीची भोके बारीक केली. अनेक खेळाडूंची वर्षांची कमाई, म्हणजे गुण, एका रात्रीत नाहीसे झाले. इतका गदारोळ झाला की त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुरुषांच्या स्पर्धांना एटीपी गुण काही प्रमाणात परत द्यावे लागले.

या उपायाची एक बाजू मला पटते. ज्याचे होणार नाही त्याला ते लवकर कळावे, यात दया आहे. घर विकून मुलाला पाच वर्षे फिरवणाऱ्या बापाला दुसऱ्याच वर्षी खरे सांगणारी व्यवस्था क्रूर म्हणता येणार नाही. पण वाट सरासरी पावणेपाच वर्षांची असताना दुसऱ्या वर्षी जे सांगितले जाईल ते खरे असेलच कशावरून? व्हाशरो शांघाय जिंकला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आपल्या रामकुमार रामनाथनला चॅलेंजर दर्जाचे पहिले विजेतेपद २०२१ मध्ये मनामाला मिळाले. तो त्याचा सातवा अंतिम सामना होता. लवकर सांगण्याची दया करताना अशा माणसांनाही आपण निरोप देतो.

दुसरा उपाय २०२४ चा, एटीपीचा. वर्षाची कमाई ठरावीक रकमेपेक्षा कमी पडली तर फरक भरून द्यायचा : पहिल्या शंभरांना किमान तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ यांना दीड लाख, १७६ ते २५० यांना ७५ हजार. हा उपाय चांगला आहे आणि उशिरा का होईना झाला. पण तो २५० वर थांबतो. आयटीएफच्या अभ्यासात नुकसानीची रेषा ३३६ वर होती, तीही प्रशिक्षक न धरता. म्हणजे छत्री नेमकी तिथे संपते जिथून पाऊस सुरू होतो. खेळाडूंची संघटना पीटीपीए मार्च २०२५ मध्ये टेनिसच्या नियामक संस्थांविरुद्ध न्यायालयात गेली, त्यामागे हीच अस्वस्थता आहे. खेळात पैसा आहे, तो खाली उतरत नाही.

खाली पैसा नाही, असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. १५६ डॉलरांच्या त्या सामन्याचा प्रत्येक गुण पंच एका यंत्रावर नोंदवतो आणि ती माहिती त्याच क्षणी सट्टेबाजीच्या बाजारात विकली जाते. या माहितीच्या हक्कांसाठी आयटीएफने स्पोर्टरडार या कंपनीशी केलेला पाच वर्षांचा करार सुमारे सात कोटी डॉलरांचा होता. सामन्याला बाजारात किंमत आहे. तो खेळणाऱ्याला नाही. याचा परिणाम जो व्हायचा तो झाला. टेनिसमधल्या गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने ३,२०० हून अधिक खेळाडूंना विचारले तेव्हा ४६४ जणांनी सामनानिश्चितीची आपल्याला प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले. समितीने २०१८ मध्ये सर्वांत खालच्या स्पर्धांची ही माहितीविक्री बंद करण्याची शिफारस केली. अशा खेळाडूंना आपण नीतीचे धडे देतो. द्यावेतच. पण ज्या घरात दाणा नाही त्या घरापुढे सावकाराचे दुकान कोणी उघडून दिले, हेही विचारावे.

४

आता मैदानांकडे. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रेतला कुस्तीचा फड ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचा क्रम आठवेल. दुपारी हलगी वाजू लागते आणि आधी लहान पोरे आखाड्यात उतरतात, रेवड्यांवर, नारळावर, किरकोळ इनामावर. मग थोडे मोठे, थोडे मोठे इनाम. ऊन उतरते तसतशा जोडी भारी होत जातात आणि शेवटची कुस्ती दिवसातली सर्वांत मोठी. ज्या मातीत शेवटची कुस्ती होते त्याच मातीत पहिली झालेली असते, त्याच लोकांसमोर. पोरगा चितपट झाला तरी रात्री घरी जेवायला असतो. आठ दिवसांनी शेजारच्या गावची जत्रा असतेच.

मला फडाचे गोडवे गायचे नाहीत. तालमीतल्या थकलेल्या पैलवानांची म्हातारपणे आपण पाहिली आहेत. मुलींना त्या मातीत पाऊल टाकायला किती काळ लागला हेही ठाऊक आहे. पण तळाची पातळी कशी असावी याचा एक धडा फडात आहे, आणि तो बक्षिसाच्या आकड्याचा नाही, अंतराचा आहे. रेवडीवरची कुस्ती परवडते, कारण तिथे पायी जाता येते. १५६ डॉलरांचा सामना परवडत नाही, कारण तिथे विमानाने जावे लागते.

टेनिसमध्ये फडासारखी रचना कोणाकडे असेल तर ती इटलीकडे. गेल्या काही वर्षांत चॅलेंजर स्पर्धा भरवण्यात तो देश सतत आघाडीवर आहे. त्याच्या जोडीला आयटीएफच्या असंख्य स्पर्धा आणि क्लबांचे सामने. यानिक सिन्नर २०१९ च्या फेब्रुवारीत बेर्गामोची चॅलेंजर जिंकला तेव्हा सतरा वर्षांचा होता, क्रमवारीत पाचशेच्याही बाहेर होता आणि यजमानांनी दिलेल्या वाइल्ड कार्डावर खेळत होता. त्याच्या वाट्याला पायरी आली ती आपल्याच देशात. सिन्नरसारखी प्रतिभा धोरणाने निर्माण होत नाही. पण त्याच्या मागेपुढे पहिल्या शंभरांत आठ-नऊ इटालियन पुरुष आले, २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांनी डेव्हिस करंडक जिंकला, हे एकट्या प्रतिभेचे काम नव्हे. शिवाय इटली, जर्मनी, फ्रान्स इथल्या क्लब लीगमधून तीनशे-चारशे क्रमांकाचा खेळाडूही वर्षातले काही आठवडे मानधन घेऊन खेळतो. ते पैसे क्रमवारीत दिसत नाहीत; पण त्यांच्यावर क्रमवारी तगते.

आपल्याकडे काय झाले? कुमार गटात आपण कधीच मागे नव्हतो. रामनाथन कृष्णन, रमेश कृष्णन, लिअँडर पेस यांनी विम्बल्डनचे कुमार विजेतेपद मिळवले. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा कुमार विजेता झाला. पण युकी एकेरीत ८३ च्या पुढे जाऊ शकला नाही. दुखापतींनी त्याला अखेर दुहेरीकडे वळवले. प्रज्ञेश गुणेश्वरनची उमेदीची वर्षेही दुखापतींनी खाल्ली. सुमित नागलने सप्टेंबर २०२३ मध्ये, देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, सांगून टाकले की बँकेत नऊशे युरो उरले आहेत. वर्षभरात चोवीस स्पर्धांतून त्याला साधारण पासष्ट लाख रुपये मिळाले होते. प्रशिक्षक-फिजिओसह खर्च ऐंशी लाख ते एक कोटी. पुण्याच्या महा टेनिस फाउंडेशनची मदत आणि इंडियन ऑइलचा पगार, एवढाच त्याला आधार होता.

पुढच्या पाच महिन्यांत जे घडले ते आपल्या मुद्द्याला थेट लागू पडते. जानेवारी २०२४ मध्ये नागल पात्रता फेरीतून ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पोचला आणि त्याने मानांकित बुब्लिकला हरवले. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा हा पहिला भारतीय पुरुष. पेपरांनी हे सांगितले. पण नागल पहिल्या शंभरांत गेला तो मेलबर्नमुळे नव्हे. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर तो जिंकला, तेव्हा. त्या महिन्यात चेन्नई, बंगळुरू, पुणे, दिल्ली अशा चार चॅलेंजर स्पर्धा भारतात ओळीने झाल्या. रेल्वेने जाता येईल अशा अंतरावरचे चार आठवडे, आणि त्यांपैकी पहिल्यातच एका माणसाची बंद वाट उघडली.

आता याच्या शेजारी महाराष्ट्र ओपन ठेवून पाहू. २०१८ ते २०२३ या काळात तिचे पाच हंगाम झाले. सिमाँ, अँडरसन, व्हेसेली, सोसा, ग्रिकस्पोर हे एकेरीचे विजेते. दुहेरीत बोपण्णाने दिविज शरणबरोबर आणि मग रामकुमारबरोबर बाजी मारली, अर्जुन कढेसारख्या पुण्याच्या खेळाडूला मोठ्या कोर्टावर उतरता आले. पुण्याला जागतिक दर्जाची स्पर्धा भरवता येते हे सिद्ध झाले. मलाही आनंद झाला होता. पण पहिल्या हंगामाचे बक्षीस पाच लाख डॉलरांहून अधिक होते. एवढ्या रकमेत एम-१५ दर्जाच्या तेहतीस स्पर्धांची बक्षिसे बसतात. मला ठाऊक आहे, हिशेब इतका सोपा नाही. प्रायोजक चिलिचसाठी पैसे देतो, सोलापूर-औरंगाबादच्या पात्रता फेरीसाठी देत नाही. मोठ्या स्पर्धेने जी पोरे रॅकेट हाती धरतात त्यांची किंमतही धरायला हवी. मुद्दा इतकाच की, आपण शेवटची कुस्ती आधी लावली. रेवडीच्या कुस्त्या लावायच्या राहून गेल्या. मग मोठी स्पर्धा देशाबाहेर गेली तेव्हा आखाड्यात जे उरायला हवे होते ते पुरेसे नव्हते.

ज्यांना घराजवळ पायऱ्या मिळाल्या नाहीत त्यांनी समुद्रापलीकडे शोधल्या. अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात गेला. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली. तेच व्हाशरो आणि रिंडरनेश यांचेही विद्यापीठ. कढेने २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी दुहेरीचे विजेतेपद मिळवले, ऋतुजाने हांगचौच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक. विद्यापीठांच्या वाटेचे महत्त्व केवळ शिष्यवृत्तीत नाही. ती वाट चार वर्षे थांबू देते, जेवू घालते, रोज सामने देते आणि शेवटी हातात पदवी ठेवते. चाळणीच्या खाली एक ताट धरलेले असते. आपल्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी हे ताट धरण्याचा विचार तरी केला आहे का, हा प्रश्न मी संघटनेला विचारणार नाही, आपल्या शिक्षणव्यवस्थेला विचारीन.

मुलींची वाट याहून अवघड आहे. खर्च जास्त, नफ्याची रेषा आणखी वर, आणि अनोळखी शहरात एकटीने राहण्याचा प्रश्न वेगळा. म्हणून डेक्कन जिमखान्यावर वर्षानुवर्षे होणाऱ्या महिलांच्या आयटीएफ स्पर्धेला मी महाराष्ट्र ओपनपेक्षा कमी मानत नाही. मुंबईत सीसीआयवर २०१७ साली महिलांची १२५ दर्जाची स्पर्धा झाली. ती एकोणीस वर्षांची एक बेलारूसी मुलगी जिंकली. तिचे नाव आर्यना सबालेंका. ती स्पर्धा २०१८ नंतर बंद पडली आणि २०२४ मध्ये परत आली. २०२५ मध्ये तिथेच कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून उपांत्य फेरीपर्यंत गेली. मधल्या पाच वर्षांत कोणाकोणाला ती पायरी मिळाली नसेल, याची यादी कुठेच नसते. न भरलेल्या स्पर्धांचे निकाल छापून येत नाहीत.

५

एक आक्षेप उरतो आणि तो साहित्याच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. खेळाने कोणाला पोट भरून देण्याचे वचन दिलेले नाही. चारशेवा टेनिसपटू आणि चारशेवा कवी यांना समाजाने का पोसावे? उत्तर असे की, चारशेवा कवी आपल्या गावात बसून लिहितो, आणि तो न लिहिता राहिला तरी पहिल्या कवीचे पुस्तक निघते. टेनिसमध्ये पहिला तयार होतो तोच मुळी चारशेव्याला हरवत हरवत. सिन्नरला बेर्गामोत कोणीतरी समोर लागतोच. तळातला खेळाडू हा वरच्याचा कच्चा माल नाही, त्याचा गुरू आहे, आणि या गुरूकडून गुरुदक्षिणा उलटी वसूल केली जाते. प्रवासाचे पैसेही त्यानेच द्यायचे.

म्हणून ‘विकास’ या शब्दाची माझी कसोटी अशी राहील : पहिल्या शंभरांत किती गेले, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला देश न सोडता वर्षातून किती आठवडे खेळता येते. ते आठवडे एकमेकांना लागून आहेत का. आणि पंचविसाव्या वर्षी तिने थांबायचे ठरवले तर ती कुठे उभी राहील. बक्षीस वाढायला हवे, हमीची रेषा २५० वरून खाली यायला हवी, माहितीविक्रीचा वाटा खेळणाऱ्यापर्यंत यायला हवा. हे निर्णय लंडनमध्ये होतील. अंतर कमी करणे मात्र आपल्या हातात आहे. पुणे, मुंबई, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर अशा सलग आठवड्यांची एक साखळी, क्लबांची मानधन देणारी लीग आणि विद्यापीठांचा आधार, एवढ्यासाठी जागतिक महासंघाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

आणि एक गोष्ट तर कोणाच्याच हातात नाही, माझ्या-तुमच्या हातात आहे. फडाला फड म्हणतात तो भोवती माणसे बसतात म्हणून. रेवडीच्या कुस्तीलाही टाळी देणारा म्हातारा तिथे असतो. पोराचे नाव, गाव, तालीम तो विचारून घेतो. बालेवाडीला पुढची चॅलेंजर होईल तेव्हा मी पात्रता फेरीपासून जाणार आहे. जे हरतील त्यांचीही नावे वहीत लिहून घेणार आहे.